मोहाचें फूल आणि पेल्याची परीक्षा

फाल्गुन सरून चैत्र लागला, म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या रानांत पहांटे मोहाखालीं फुलांचा सडा पडतो. ठाकूर, कातकरी, वारली मंडळी तीं मांसल, गोड फुलें वेंचून वाळवितात. टंचाईंत हें फूल म्हणजे अन्न. आंबवून भट्टीवर चढविलें, कीं मद्य.

इंग्रज सरकारास त्यांत महसूल दिसला. इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती भट्ट्यांवर गदा आली आणि दारू गाळण्याचें काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलें. १८९२ च्या मोहफूल कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फूल बाळगण्यावरच निर्बंध आला. रानांतलें अन्न हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला! कर कोणी चुकविला, याकडे कायद्याचें लक्ष; पेल्यांत काय आहे, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न पुढें रसायनशास्त्रानें विचारला. पदार्थ आंबतांना कांहीं जंतु प्रथिनांच्या घटकांपासून ‘अमाइन’ नांवाचीं द्रव्यें तयार करतात. अस्वच्छतेनें तीं वाढतात. त्यांपैकीं हिस्टामीनचा शरीरावरील परिणाम डेल व लेडलॉ यांनीं १९१० मध्यें वर्णिला. आंतड्यांतील एक विकर त्याचा नाश करतें. परंतु मद्यार्क त्या कामांत विघ्न आणतो. द्राक्षाचें तांबडें मद्य घेतल्यावर कित्येकांचा चेहरा लाल होतो, डोकें दुखतें. त्याचें हें एक कारण मानितात. दुसरें द्रव्य टायरामीन. खिन्नतेवरील कांहीं औषधें घेणाऱ्यांचा रक्तदाब त्यामुळें एकाएकीं चढूं शकतो, हें १९६० नंतरच्या दशकांत स्पष्ट झालें. अशा रुग्णानें वैद्यास विचारल्यावांचून पेल्यास हात लावूं नये.

मग मोहाच्या दारूचें काय? हिस्टामीनसारखीं द्रव्यें सहसा वाफेबरोबर चढत नाहींत, भांड्यांतच मागें राहतात. म्हणून गाळलेल्या मद्यांत तीं फार थोडीं. पण यावरून तें निर्धोक, असें कोणी समजूं नये. मद्यार्क वाफेबरोबर चढतोच; आणि मद्यमात्राची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ मध्यें कर्करोगकारकांत केली आहे. तींत द्राक्ष आणि मोह असा भेद नाहीं.

कातकऱ्याच्या मडक्यास नांवें ठेवणाऱ्या आम्हां शहरवासीयांनीं आपल्या कांचेच्या पेल्यासही हीच कसोटी लावावी. फूल निर्दोष आहे; परीक्षा व्हावयाची ती पेल्याची.