टेबलावरचा गोल दगड

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रथम दाखवली गेली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही तिचे भाग येऊन गेले, त्यामुळे काही वाचकांना ती आठवत असेल. आज त्यातले पुठ्ठ्याचे खडक पाहून हसू येते. पण एकूण ७९ भागांपैकी एक भाग आम्हांला विशेष प्रिय आहे. ९ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेल्या या भागाचे नाव 'द डेव्हिल इन द डार्क', म्हणजे 'अंधारातला सैतान', आणि लेखक जीन कून. रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे दोन तास एकत्र घ्यावेत, अशी ही गोष्ट आहे.

जानस-६ नावाच्या ग्रहावर माणसांची खाण आहे. कामगार खोलवरचा एक नवा थर उघडतात आणि तेव्हापासून कोणीतरी त्यांना मारू लागते. पन्नासएक माणसे मरतात. मारणारा प्राणी तीव्र आम्लाने खडक विरघळवत, लोण्यातून सुरी जावी तसा दगडातून जातो. मदतीला आलेल्या अंतराळयानाची उपकरणे मात्र सांगतात की, या ग्रहावर माणसांखेरीज एकही सजीव नाही!

खाणीच्या प्रमुखाच्या टेबलावर एक गोल दगड शोभेसाठी ठेवलेला असतो. असे हजारो दगड त्या नव्या थरात सापडलेले असतात. त्यांचा काही उपयोग नसल्याने कामगार ते फोडून टाकत असतात. यानावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक त्या दगडाकडे पुन्हा पुन्हा पाहतो. हा प्राणी कार्बनचा नसून सिलिकॉनचा असेल तर? तो आपल्या शोधयंत्राची जुळणी सिलिकॉनसाठी बदलतो आणि प्राणी लगेच सापडतो. ते गोल दगड म्हणजे त्याची अंडी असतात. हॉर्टा नावाच्या या जातीतील सर्व जीव दर ५०,००० वर्षांनी मरतात आणि अंडी राखायला एकच आई मागे उरते. ही ती आई.

हॉर्टाचे सोंग यानोस प्रोहास्का या हंगेरीत जन्मलेल्या कसरतपटूने वठवले होते. त्याने ते अंगावर चढवून स्टुडिओत रांगून दाखवले, मागे एक गोल अंडे टाकले आणि त्यावरूनच कून यांना कथा सुचली, असे सांगतात.

यानावरचे डॉक्टर मॅकॉय मात्र हरकत घेतात. सिलिकॉनचा सजीव अशक्य, त्यातही ऑक्सिजनच्या हवेत तर नाहीच, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत खरी आहे का, ते पाहू.

आवर्त सारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली येतो. दोघांचीही संयुजा चार. शिवाय भूकवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, तर कार्बन अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मग निसर्गाने सजीवांसाठी कार्बनच का निवडला? याचे उत्तर बंधांच्या ऊर्जेत आहे. कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलला सुमारे ३४६ किलोज्यूल ऊर्जा लागते, सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला सुमारे २२२. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सुमारे ४५२ किलोज्यूलचा, म्हणजे फारच पक्का. त्यामुळे ऑक्सिजन मिळाला की सिलिकॉनच्या साखळ्या तुटतात. मिथेनला पेटायला ठिणगी लागते. त्याचा सिलिकॉनी भाऊ सिलेन हवेत आपोआप पेट घेतो. आणखी एक अडचण उच्छ्वासाची. कार्बनच्या ज्वलनातून वायू निघतो, तो पाण्यात विरघळतो आणि सहज बाहेर टाकता येतो. सिलिकॉनच्या ज्वलनातून निघते ती वाळू, आणि ती वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेव्हा डॉक्टरांची हरकत रास्तच म्हणावी लागेल. (याच डॉक्टरांना पुढे जखमी हॉर्टावर काँक्रीटचे लिंपण करावे लागते. आपण गवंडी नाही, अशी कुरकुर करत ते तेही करतात.)

ही कल्पना काही कून यांची नव्हती. १८९१ मध्ये जर्मन खगोलभौतिकशास्त्रज्ञ युलियस शायनर यांनी सिलिकॉनवर आधारित जीवनाची शक्यता मांडली. १८९३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जेम्स एमर्सन रेनॉल्ड्स यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात सांगितले की, सिलिकॉनची संयुगे उष्णतेला टिकतात, म्हणून अतितप्त जगात असे जीव असू शकतील. पुढच्याच वर्षी एच. जी. वेल्स यांनी ही कल्पना लेखातून सामान्य वाचकांपर्यंत नेली. उच्छ्वासाच्या अडचणीला मात्र स्टॅन्ली वाइनबाम या अमेरिकन लेखकाने १९३४ च्या एका कथेत सुरेख उत्तर दिले. त्याचा मंगळावरचा प्राणी दर दहा मिनिटांनी सिलिकाची एक वीट बाहेर टाकतो आणि स्वतःभोवती पिरॅमिड रचत बसतो. कून यांच्या हॉर्टापेक्षा या प्राण्याचे रसायनशास्त्र आम्हांला अधिक पटते.

पृथ्वीवरच्या सजीवांना सिलिकॉन अगदीच परका नाही. डायॅटम ही सूक्ष्म शैवाले सिलिकाची कवचे बांधतात. पण कार्बन-सिलिकॉन बंध निसर्गात कोणताही सजीव तयार करताना आढळलेला नव्हता. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने आइसलंडच्या उष्ण झऱ्यांतील एका जीवाणूचे प्रथिन घेतले, त्यात मोजके बदल केले आणि त्याच्याकडून हा बंध तयार करवून घेतला. प्रथिनांना असे 'उत्क्रांत' करण्याच्या पद्धतीसाठी अर्नोल्ड यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रसायनशास्त्र कच्चे असूनही ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते ती उपकरणांमुळे. यानाचे उपकरण बिघडलेले नव्हते. ते कार्बनचे जीव शोधत होते आणि तसे जीव तिथे नव्हते. पाठ्यपुस्तकातील सजीवांची लक्षणे त्या टेबलावरच्या दगडाला लावून पाहा. हालचाल नाही, वाढ नाही, प्रतिसाद नाही. पण डब्यातला गव्हाचा कोरडा दाणाही या परीक्षेत नापासच होईल. वर्गात दाणा आणि खडा शेजारी ठेवून मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा.

गोष्ट प्रसारित झाल्यावर नऊ वर्षांनी, १९७६ मध्ये, व्हायकिंग-१ आणि व्हायकिंग-२ ही याने मंगळावर उतरली. एका प्रयोगात मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेले पातळ 'अन्न' शिंपडले गेले. सूक्ष्मजीवांनी ते खाल्ले तर किरणोत्सारी वायू बाहेर पडावा, अशी अपेक्षा होती. वायू बाहेर पडला! पण दुसऱ्या उपकरणाने माती तापवून तपासली, तेव्हा मंगळाचे म्हणता येईल असे एकही सेंद्रिय संयुग मिळाले नाही. क्लोरिनयुक्त काही अंश आढळले, ते पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावणाचे समजले गेले. निष्कर्ष निघाला की, हे जीवन नव्हे, मातीचे रसायनशास्त्र आहे. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. हा पदार्थ तापवला की सेंद्रिय संयुगांचा नाश करतो आणि त्यातून क्लोरिनयुक्त संयुगे तयार होऊ शकतात. म्हणजे जे शोधायचे होते, तेच उपकरणाने जाळून टाकले असण्याची शक्यता आहे. पुढे क्युरिऑसिटी या गाडीला मंगळाच्या प्राचीन चिखलखडकात सेंद्रिय संयुगे मिळाली. त्यावरून जीवन सिद्ध होत नाही, हेही खरे.

व्हायकिंगच्या कॅमेऱ्यांचे काम पाहणाऱ्या गटात कार्ल सेगन होते. सजीव कार्बनचेच असणार या समजुतीला त्यांनी १९७३ मध्ये 'कार्बनचा दुराभिमान' म्हटले होते, आणि तो थोडासा आपल्यातही आहे, हे त्यांनी मान्य केले होते. यानांतील जीवशोधाच्या तिन्ही प्रयोगांची मांडणी कार्बनचे सजीव गृहीत धरूनच होती. कार्बन किंवा सिलिकॉन असा भेद न करणारे साधन एकच होते, ते म्हणजे कॅमेरा. त्याने पाठवलेली चित्रे दगडांनी भरलेली आहेत. हॉर्टाची अंडी त्यांत असती, तर तीही दगड म्हणूनच मोजली गेली असती.