परसातील कोंबडीची जखम आणि तिचा उपचार : एक ऐतिहासिक विवेचन
(विशेष संदर्भ : वाणगाव-डहाणू परिसर)

प्रस्तावना :

ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या इतिहासात गाय, बैल व घोडा या पशूंना जे स्थान मिळाले, ते परसातील कोंबडीला क्वचितच मिळाले. पश्चिम रेल्वेवरील बोईसर व डहाणू रोड या स्थानकांच्या दरम्यान असलेले वाणगाव मिरचीच्या शेतीसाठी ओळखले जाते. हे गाव ज्या डहाणू तालुक्यात आहे, तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, काथोडी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. या वस्तीत कोंबडी ही केवळ अन्नाची बाब नाही. ती देवाला दिली जाते, पाहुण्यासाठी राखली जाते आणि अडचणीच्या वेळी विकून चार पैसे हाती येतात. घरातील स्त्रीच्या ताब्यात असलेली ही बहुधा सर्वांत लहान, परंतु सर्वांत लवकर रोख रूपात येणारी मालमत्ता होय.

अशी कोंबडी कळपातील इतर कोंबड्यांनी टोचून रक्तबंबाळ केली तर तिचे काय होते? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नातून पशुवैद्यकाचा इतिहास कोणासाठी घडला व कोणाचे ज्ञान लिहिले गेले, हे समजण्यास मदत होते. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार केला आहे.

१. ग्रंथपरंपरा आणि कोंबडी :

भारतात पशुचिकित्सेची परंपरा प्राचीन आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची व हत्तींसाठी पालकाप्याची परंपरा सांगितली जाते. पक्ष्यांच्या बाबतीत कुमाऊँच्या रुद्रदेवाच्या नावावरील ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ उल्लेखनीय असून त्यात शिकारी ससाण्यांच्या आजारांवरील उपचार आले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचाही समावेश आहे. म्हणजे जो पक्षी राजाच्या शिकारीचा वा करमणुकीचा होता, तो ग्रंथात आला. अंडी देणारी, पिले वाढवणारी परसातील कोंबडी मात्र ग्रंथकारांच्या दृष्टीच्या बाहेर राहिली. तिच्यावरील उपचार घराघरांत मुखपरंपरेने चालत राहिला.

२. वसाहतकालीन पशुवैद्यकाचा अग्रक्रम :

ब्रिटिश काळात आधुनिक पशुवैद्यकाची सुरुवात झाली. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुणे येथे १८८९ मध्ये स्थापन झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. या व्यवस्थेपुढील प्रमुख प्रश्न गुरांमधील बुळकांडी व सैन्यातील घोड्यांचे रोग हे होते. कोंबडीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले ते साथीच्या रोगामुळे. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे कोंबड्यांमध्ये मोठी मरतुक झाली आणि हा रोग भारतात ‘राणीखेत’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात त्यास ‘मानमोडी’ असेही म्हणतात. १९४०च्या दशकात मुक्तेश्वर येथे त्यावरील लस विकसित झाली.

ही कामगिरी निःसंशय मोलाची होती. तथापि, तिच्यामुळे एक दृष्टिकोनही रूढ झाला. शासकीय पशुवैद्यकाच्या लेखी कोंबडी म्हणजे साथीचा संभाव्य वाहक असलेला कळप होता. एकट्या जखमी कोंबडीसाठी दवाखान्यात जावे, ही कल्पना ना पशुवैद्यकाला सुचली ना कोंबडी पाळणाऱ्या स्त्रीला. दवाखान्यापर्यंत जाण्याचा खर्च कोंबडीच्या किमतीहून जास्त, हे साधे गणितही त्यामागे होते.

३. टोचण्याचे शास्त्र :

कोंबड्या एकमेकींना का टोचतात, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर प्रथम परसातच शोधले गेले. नॉर्वेतील थोरलाइफ श्येलडेरुप-एब्बे याने बालपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण केले व १९२२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपात प्रत्येक कोंबडीचे स्थान ठरलेले असते. वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. या उतरंडीची कल्पना पुढे समाजशास्त्रातही वापरली गेली.

मात्र सर्व टोचणे एकाच प्रकारचे नसते. डोके व तुरा यांवरील चोची वर्चस्वाच्या भांडणातून येतात. पिसे उपटण्याची सवय वेगळी आहे. डच संशोधक ब्लॉखुईस यांनी १९८६ मध्ये तिचा संबंध जमीन टोकरून अन्न शोधण्याच्या वृत्तीशी जोडला. टोकरण्यास माती मिळाली नाही की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. तिसरा व सर्वांत घातक प्रकार गुदद्वाराजवळ टोचण्याचा असून तो विशेषतः अंडी देणाऱ्या कोंबड्यांत आढळतो. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे : रक्ताचा लाल रंग दिसताच इतर कोंबड्याही टोचू लागतात व लहान जखम काही तासांत प्राणघातक ठरू शकते.

४. उद्योगाने निवडलेला मार्ग :

कोंबडीपालन उद्योगाचे रूप घेऊ लागले, तेव्हा जखम बरी करण्यापेक्षा टोचणेच अशक्य करण्याकडे कल वाढला. अमेरिकेत १९०३ मध्ये अँड्र्यू जॅक्सन (कनिष्ठ) याने कोंबड्यांच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्म्याचे पेटंट घेतले. पुढे रक्त दिसू नये म्हणून लाल काचांचे चष्मेही विकले गेले. १९३० व १९४०च्या दशकांत चोचीचे टोक कापण्याची पद्धत तेथे रूढ झाली व तापलेल्या पात्याची यंत्रे आली.

भारतात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५६-६१) कुक्कुटविकासाला शासकीय चालना मिळाली. मुंबईतील आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट प्रजनन केंद्र उभे राहिले. पुढे १९७०च्या दशकापासून खाजगी उद्योगाचा विस्तार झाला. पिंजऱ्यातील कोंबडीपालनाबरोबर चोच कापणेही आले. १९८५ मध्ये एडिनबरो येथील ब्रेवर्ड व जेंटल यांनी कापलेल्या चोचीत मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात व त्यांतून असाधारण संवेदना निघतात, असे दाखवून दिले. चोच हे नखासारखे निर्जीव टोक नसून संवेदनशील अवयव आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. नॉर्वेने तर १९७४ मध्येच या प्रथेवर बंदी घातली होती.

५. परसातील उपचारपद्धती :

परसात चोच कापण्याची गरज सहसा भासत नाही, कारण कोंबडी दिवसभर माती टोकरत हिंडते. तरीही भांडणे होतात. बाहेरून नवी कोंबडी आणली, पावसाळ्यात खुराड्यात दाटी झाली किंवा दाणे एकाच ठिकाणी टाकले की दुबळी कोंबडी मार खाते. कोकणपट्टीच्या दीर्घ पावसाळ्यात माश्याही वाढतात व जखमेत अळ्या पडण्याचा धोका संभवतो.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे कोंबडीला वेगळी करून डालग्याखाली झाकणे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण झाकण्याच्या या जुन्या प्रथेची साक्ष देते. अंधार व एकांत यांमुळे पक्षी शांत होतो आणि इतरांना रक्त दिसत नाही. आधुनिक शास्त्रही विलगीकरणालाच अग्रक्रम देते. त्यानंतर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवणे, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने (अर्धा लिटर पाण्यात सुमारे एक लहान चमचा मीठ) जखम धुणे, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावणे आणि रोज अळ्यांची तपासणी करणे, हा क्रम योग्य ठरतो. जखम खोल असल्यास, आतडे बाहेर आल्यास किंवा कोंबडी दाणा-पाणी घेत नसल्यास पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात जखमेवर हळद, खोबरेल वा करंजाचे तेल, दगडी पाल्याचा रस व राख यांचा वापर होत आला आहे. त्यांचे मूल्य सारखे नाही. हळदीचे जंतुरोधक गुण सर्वमान्य आहेत. चुलीच्या राखेने मात्र रक्त थांबल्यासारखे दिसले तरी जखमेत घाण शिरू शकते. जखमेचा लाल रंग झाकण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे जेन्शियन व्हायोलेट हे जांभळे औषधही आज खाद्यप्राण्यांसाठी सुरक्षित मानले जात नाही. म्हणजे परंपरा व आधुनिक औषध या दोहोंचीही चिकित्सा आवश्यक ठरते.

बरी झालेली कोंबडी परत सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. काही दिवस दूर राहिल्याने तिचे कळपातील स्थान नाहीसे होते. म्हणून आधी जाळीआडून ओळख करून देणे आणि नंतर सांजवेळी, इतर कोंबड्या खुराड्यात बसल्यावर तिला आत ठेवणे हितकारक असते.

६. अलिखित ज्ञानाचा प्रश्न :

१९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय लिखित पुराव्यांवर मिळाला, ही बाब येथे महत्त्वाची आहे. घरोघरीच्या वापराची साक्ष त्यासाठी पुरेशी नव्हती. ग्रंथ व नियतकालिके सादर करावी लागली. जे ज्ञान लिहिलेच गेले नाही, त्याच्या मागे अशी साक्ष कशी उभी राहणार? परसातील कोंबडीच्या उपचाराचे ज्ञान नेमके याच वर्गात मोडते.

डहाणू परिसराविषयी के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ (१९४५) हा ग्रंथ आणि गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक असे मोलाचे लेखन उपलब्ध आहे. परंतु एखाद्या वारली स्त्रीने जखमी कोंबडी कशी वाचवली, हा त्यांचा विषय नव्हता. कोसबाड येथे १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र कार्यरत असून अशा नोंदी होण्यास या परिसरात संस्थात्मक आधारही आहे.

समारोप :

२०१२च्या पशुगणनेत देशात परसातील पक्षी सुमारे २१.७५ कोटी होते. २०१९च्या गणनेत ते ३१.७० कोटींवर गेले. परसातील कोंबडी ही भूतकाळात जमा झालेली गोष्ट नाही, हे या आकड्यांवरून दिसून येते. उद्योगाने चोच कापून प्रश्न सोडवू पाहिला, शासनाने लस देऊन कळप वाचवला; एकेका जखमी कोंबडीची शुश्रूषा मात्र घरातील स्त्रीकडेच राहिली. या शुश्रूषेचे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, ती पिढी आज वृद्ध होत आहे. वाणगाव-डहाणू परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन, विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या मौखिक ज्ञानाच्या नोंदी केल्यास आणि त्यांची पशुवैद्यकाकडून चिकित्सा करून घेतल्यास स्थानिक इतिहासलेखनात मोलाची भर पडेल. अशा नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजही खुराडे आहे. त्यामुळे या अभ्यासाचा प्रारंभ त्यांच्याच परसातून होऊ शकेल.