सदू शिंदे : सात टेस्ट आणि दिल्लीतल्या आठ विकेट्स

 

आज सुरुवात आपल्या मैदानापासून. नंदुरबारजवळचं कोरीट घ्या, नाहीतर तुमचं गाव. पीक निघालेलं शेत, टेनिस बॉल आणि रविवारची मॅच. प्रत्येक टीममध्ये एक बोलर असा असतो की त्याच्या बोलिंगवर हमखास कॅच सुटतात. संध्याकाळी स्कोअर वाचला जातो, "चार ओव्हर, चाळीस रन, विकेट नाही." सुटलेले तीन कॅच वहीत कुठेच नसतात. आजची गोष्ट अशाच एका बोलरची आहे. फक्त त्याचं मैदान दिल्लीचं होतं आणि समोर इंग्लंड होतं.

त्याचं नाव सदाशिव शिंदे. सगळे त्याला सदू म्हणायचे. नाव ऐकलं असेल तर बहुतेक एकाच कारणाने : हे शरद पवारांचे सासरे. जावई पुढे बीसीसीआयचे आणि आयसीसीचे अध्यक्ष झाले. पण सासऱ्यांनी जावयाला कधी पाहिलंच नाही. ते लग्न १९६७चं, आणि सदू शिंदे गेले १९५५ला. त्यामुळे आज नातं बाजूला ठेवू आणि बोलिंगवर बोलू.

जन्म मुंबईचा, १८ ऑगस्ट १९२३. उजव्या हाताचा लेगस्पिनर. लेगब्रेक म्हणजे टप्पा पडल्यावर उजव्या बॅट्समनपासून बाहेर जाणारा बॉल. आणि गुगली? हात तसाच फिरतो, पण बॉल उलटा आत येतो. बॅट्समनला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शिंदेंकडे दोन्ही होतं.

आता १९४३-४४चा रणजी मोसम डोळ्यांसमोर आणा. जगात दुसरं महायुद्ध चालू आहे, टेस्ट क्रिकेट बंद आहे. भारतात मात्र रणजी चालू आहे. महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. विजय मर्चंट बॅटिंगला येतात आणि नाबाद ३५९ करतात! मुंबईचा स्कोअर ७३५. बोलर लोकांचं काय झालं असेल विचार करा. त्या डावात वीस वर्षांच्या शिंदेंनी ७५.५ ओव्हर्स टाकल्या आणि १८६ रन देऊन ५ विकेट्स घेतल्या. आयपीएलमध्ये बोलरला एका मॅचला चार ओव्हर्स मिळतात. म्हणजे जवळपास १९ मॅचेसची बोलिंग या मुलाने एकाच डावात केली.

युद्ध संपलं. १९४६ला भारतीय टीम इंग्लंडला गेली आणि २२ जून १९४६ला लॉर्ड्सवर शिंदेंनी पहिली टेस्ट खेळली. त्याच मॅचमध्ये इंग्लंडच्या ॲलेक बेडसरनेही पदार्पण केलं आणि ११ विकेट्स काढल्या. भारत दहा विकेट्सनी हरला. बेडसर मोठा स्टार झाला. शिंदेंचा दिवस यायला अजून वेळ होता.

तो आला नोव्हेंबर १९५१मध्ये, दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर. इथे एक संदर्भ लक्षात ठेवा. भारत १९३२पासून टेस्ट खेळत होता, पण तोवर एकही टेस्ट जिंकलेला नव्हता. इंग्लंडने पहिली बॅटिंग घेतली आणि २०३वर ऑलआऊट! शिंदे : ९१ रनमध्ये ६ विकेट्स. मग मर्चंटनी आपल्या शेवटच्या टेस्टमध्ये १५४ केले, विजय हजारेंनी नाबाद १६४. भारताने ६ बाद ४१८वर डाव सोडला. आघाडी २१५ची. पहिला विजय समोर दिसत होता.

दुसऱ्या डावात इंग्लंडचा डावखुरा ॲलन वॉटकिन्स खांब रोवल्यासारखा उभा राहिला. जवळजवळ नऊ तास खेळला, नाबाद १३७. एका बाजूने विनू मंकड बोलिंग करत होते, दुसऱ्या बाजूने शिंदे. त्या एका डावात शिंदेंनी ७३ ओव्हर्स टाकल्या. झेल उडाले आणि सुटलेही. इंग्लंड ६ बाद ३६८, मॅच ड्रॉ. वहीत नोंद राहिली : शिंदे, १६२ रन, २ विकेट्स.

त्याच मालिकेत कोलकात्याच्या टेस्टमध्ये आणखी एक लेगस्पिनर आला, सुभाष गुप्ते. तोही मुंबईचाच, आणि पुढे ३६ टेस्टमध्ये १४९ विकेट्स घेणारा. मंकड आणि गुलाम अहमद आधीच होते. स्पिनरची रांग वाढत गेली. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवलं. आपल्या पंचविसाव्या टेस्टमधला हा पहिला विजय, मंकडच्या १२ विकेट्सच्या जोरावर. त्या अकरा जणांत सदू शिंदे नव्हते.

त्याच वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले, दोन टेस्ट खेळले. शेवटची लॉर्ड्सवर. जिथे सुरू झालं, तिथेच संपलं. एकूण ७ टेस्ट, १२ विकेट्स. त्यातल्या ८ एकट्या दिल्लीतल्या. सरासरी ५९.७५, म्हणजे एका विकेटमागे साठेक रन. आकडा बघून कुणीही म्हणेल, "साधाच बोलर." पण हाच माणूस महाराष्ट्र, मुंबई आणि बडोद्याकडून खेळत राहिला आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या २३० विकेट्स आहेत. साध्या बोलरला इतकी वर्षं कुणी बॉल देत नाही.

२२ जून १९५५. पहिल्या टेस्टला बरोबर नऊ वर्षं झालेली. मुंबईत टायफॉइडने सदू शिंदे गेले. वय अवघं ३१. लेगस्पिनर तर तिशीनंतर पिकतो म्हणतात.

दिल्लीत ते झेल हातात बसले असते, तर भारताचा पहिला टेस्ट विजय तीन महिने आधी आला असता का? सांगता येत नाही. पण आला असता, तर शाळेच्या पुस्तकात मंकडच्या आधी शिंदेंचं नाव असतं, एवढं नक्की.

म्हणून एक काम करा. पुढच्या रविवारी तुमच्या मॅचची वही तुमच्याकडे आली, तर बोलरच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहा : "दोन कॅच सुटले." त्या पोराला बरं वाटेल.

तुमच्या गावातही असा बोलर असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!