टीव्हीला स्टिक लावायची की बॉक्स? पैसे मोजण्याआधी घरातल्या या गोष्टी तपासा

साध्या टीव्हीला बोटाएवढी स्टिक किंवा छोटा बॉक्स जोडला की मोबाइलवरचं यूट्यूब, सिनेमे, मालिका, क्रिकेट सगळं मोठ्या पडद्यावर दिसायला लागतं. काही हजारांत काम होतं, नवा टीव्ही घ्यावा लागत नाही. पण स्टिकचे पैसे एकदाच जातात, नेटचे मात्र दर महिन्याला. त्यामुळे कोणत्या कंपनीची स्टिक चांगली, हा प्रश्न नंतरचा. आपल्या घरात ती चालेल का आणि चालवायला परवडेल का, हे आधी बघावं.

१. टीव्हीच्या पाठीमागे काय आहे?

स्टिक असो वा बॉक्स, दोन्ही टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला जोडतात. हा पोर्ट चपटा, साधारण दीड सेंटीमीटर रुंद असतो आणि त्याचे खालचे दोन कोपरे तिरके असतात. यूएसबीचं भोक वेगळं, ते पेन ड्राइव्हचं. बरेच जण तिथेच फसतात.

मोठ्या पाठीच्या जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनाच असतात. एचडीएमआयवरून या पिनांवर आणणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, पण त्यात चित्र फिकं येतं, बारीक अक्षरं वाचता येत नाहीत आणि काही ॲप चित्रच दाखवत नाहीत. अशा टीव्हीसाठी स्टिकवर खर्च न केलेला बरा.

उलट टीव्ही आधीच स्मार्ट असेल, म्हणजे रिमोटवर यूट्यूबचं बटण असेल, तर आधी तो वायफायला जोडून बघावा. काम तेवढ्यानेच भागू शकतं. टीव्ही जुना होऊन हळू चालत असेल किंवा त्यात नवी ॲप येत नसतील, तेव्हा मात्र स्टिक उपयोगी पडते.

२. नेट कुठून येणार आणि किती लागणार?

खरा खर्च इथे आहे. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-के चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. बाकीच्या ॲपचं गणित थोडंफार असंच.

आता घरचा हिशोब करू. मोबाइलला रोज २ जीबीचा पॅक असेल तर हॉटस्पॉटवरून एचडी सिनेमा लावल्यावर तो पॅक चाळीस मिनिटांत संपू शकतो. बहुतेक पॅकमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग टीव्ही तर थांबतोच, पण त्याच फोनवरचं मुलांचं अभ्यासाचं ॲप आणि फोनपेचं पेमेंटही अडकतं. रोज दोन तास एचडीत बघायचं म्हटलं तर महिन्याला १८० जीबीपर्यंत डेटा लागेल.

हॉटस्पॉटची आणखी एक अडचण आहे. ज्याच्या फोनवर नेट, तो शेतावर किंवा बाजाराला गेला की घरचा टीव्ही बंद.

म्हणून टीव्ही रोज नेटवर चालवायचा असेल तर घरात फायबर किंवा एअरफायबर हवं. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत फायबर टाकलं जात आहे. आपल्या गावात त्यावरून घरगुती जोडणी मिळते का, हे ग्रामपंचायतीत किंवा गावातल्या नेटवाल्याकडे विचारावं. जोडणी घेताना महिन्याची डेटा मर्यादाही विचारून घ्यावी, कारण फायबर आणि एअरफायबरची मर्यादा वेगवेगळी असू शकते.

वेगाचं म्हणाल तर नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. वेग दुपारी नाही, तर रात्री आठ-नऊच्या सुमारास, टीव्ही ठेवलाय त्याच जागी मोजावा. तेव्हा गावभर नेट वापरात असतं, खरी परिस्थिती तेव्हाच कळते.

३. रिचार्जसोबतची सबस्क्रिप्शन टीव्हीवर चालते का?

मोबाइलच्या रिचार्जसोबत एखादं ॲप ‘फ्री’ मिळतं. ते बऱ्याचदा फक्त मोबाइलपुरतं असतं. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन हे त्याचं ठळक उदाहरण. तो फोन आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही. आपल्या प्लॅनमध्ये ‘टीव्ही’ हा शब्द लिहिलाय का, हे स्टिक घेण्याआधीच ॲपमध्ये बघावं. नाहीतर स्टिक येते आणि वर प्लॅनचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

४. कोणाला काय सोयीचं?

- नेट कमी, पण बातम्या, मालिका, सिनेमे हवेत: डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेल्या या सेवेला दरमहा पैसे लागत नाहीत. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते.
- एचडीएमआय असलेला साधा टीव्ही आणि घरात वायफाय: ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक किंवा शाओमीची टीव्ही स्टिक यांसारखी नावाजलेली स्टिक. टीव्ही फोर-के नसेल तर फोर-के स्टिकचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही, एचडीची पुरते.
- डिशच्या वाहिन्याही हव्यात आणि ॲपही: एअरटेल एक्स्ट्रीम किंवा टाटा प्ले बिंज प्लस यांसारखा बॉक्स. एका रिमोटवर दोन्ही चालतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोपं पडतं. मात्र डिशचा महिन्याचा रिचार्ज सुरू ठेवावा लागतो.
- नवं फायबर किंवा एअरफायबर घेणार आहेत: काही प्लॅनमध्ये कंपनीच सेट टॉप बॉक्स देते. स्टिक घेण्याआधी तेवढं विचारावं, नाहीतर एकाच कामाच्या दोन वस्तू घरात येतील.

स्टिक घेतली तरी फ्री डिशची छत्री काढून टाकू नये. नेट बंद पडलं तरी बातम्या चालू राहतात.

५. ‘सगळं फ्री’ म्हणणाऱ्या बॉक्सपासून सांभाळा

‘एकदा पैसे भरा, आयुष्यभर सगळे चॅनेल नि सिनेमे फ्री’ असं सांगून बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स विकले जातात. स्वस्त असतात, पण धोका मोठा असतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘बॅडबॉक्स २.०’ बद्दल इशारा दिला. अशा काही बॉक्समध्ये विकण्याआधीच व्हायरस घातलेला असतो, तर काहींमध्ये तो सुरुवातीला ॲप टाकताना शिरतो. पुढच्याच महिन्यात गुगलने या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा केला आणि १ कोटीहून जास्त उपकरणं बाधित असल्याचं सांगितलं.

असा बॉक्स घरच्या वायफायला जोडला की भामटे त्या घराचं नेट आपल्या कामांसाठी वापरू शकतात. गुन्हा दुसऱ्याचा, नेटचा पत्ता आपला. शिवाय बँकेचं ॲप असलेला फोनही त्याच वायफायवर असतो.

ओळखायच्या खुणा अशा:

- कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही
- ‘अनलॉक’ आहे, सगळं फुकट दिसेल, असं सांगतात
- सुरू करताना गुगलचं ‘प्ले प्रोटेक्ट’ बंद करायला लावतात
- प्ले स्टोअर सोडून भलत्याच ठिकाणाहून ॲप टाकायला सांगतात

यातली एकही खूण दिसली तर बॉक्स घेऊ नये.

६. घेताना आणि जोडताना

पक्कं बिल घ्यावं. वॉरंटी किती आणि बिघडल्यास कुठे न्यायचं, हे दुकानदाराला विचारावं. वस्तूवर किंवा खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो.

जुनी, वापरलेली स्टिक जपून घ्यावी. गुगलने ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये क्रोमकास्टचं दुसऱ्या पिढीचं मॉडेल सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर काही दिवस बंद पडलं होतं. कंपनीचे अपडेट थांबले की चांगली दिसणारी वस्तूही कधी बंद पडेल, सांगता येत नाही.

सोबतचा ॲडाप्टरच वापरावा. टीव्हीच्या यूएसबीला वायर लावली तर अनेकदा पुरेशी वीज मिळत नाही आणि स्टिक पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. लाइट ये-जा करत असेल किंवा विजा कडाडत असतील तर टीव्ही आणि स्टिक दोन्हींचे प्लग काढून ठेवावेत.

चालू करायला वेगळी फी नसते. ‘स्टिक ॲक्टिव्हेट करायला पैसे भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजावा. नेटवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर विश्वास ठेवू नये, खोक्यातल्या कागदावरचा नंबर वापरावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

डेटा वाचवायचा असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी करावा. लहान टीव्हीवर लांबून बघताना फरक फारसा जाणवत नाही. टीव्ही बंद करण्याआधी चालू असलेला व्हिडिओ थांबवावा, कारण पडदा बंद झाला तरी स्टिक मागे चालू राहू शकते. लहान मुलं असतील तर त्यांचं वेगळं प्रोफाइल करून खरेदीला पिन लावावा.

थोडक्यात

एचडीएमआय पोर्ट, घरात वायफाय आणि टीव्हीवर चालणारा प्लॅन या तिन्ही गोष्टी असतील तर नावाजलेल्या कंपनीची साधी एचडी स्टिक बहुतेक घरांना पुरते. यातलं नेटच नसेल तर आधी नेटचं बघावं, तोवर फ्री डिश आहेच. आणि ‘सगळं फ्री’वाला बॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये.