हेराल्डची मागची चाकं

माझ्या लहानपणी दादरच्या हिंदू कॉलनीत, आमच्या गल्लीत एक स्टँडर्ड हेराल्ड उभी असायची. शेजारचे काका एकटे निघाले की तिची मागची चाकं जवळपास सरळ दिसत. घरची पाच-सहा माणसं बसली की तीच चाकं फाकत, त्यांचे माथे आत झुकत. गाडी म्हातारी झाली, असं आम्ही समजत होतो. खरं कारण तिच्या जन्मात होतं.

१९५३ साली बीएमसीने फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी इंग्लिश कंपनी विकत घेतली. स्टँडर्ड-ट्रायम्फच्या बॉडी तिथूनच येत. आता तो पुरवठा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. म्हणून १९५९च्या ट्रायम्फ हेराल्डला वेगळी चासी दिली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टने जोडले. रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तींचं. हीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. मद्रासला १९६१पासून बनू लागलेली आपली हेराल्ड म्हणजे तिची सख्खी बहीण.

सांध्यांमुळे ती खडखडे, पावसात गळे. पण त्याच सांध्यांमुळे ठोकलेला भाग बोल्ट काढून बदलता येई. बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडे. मिस्त्री पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करी.

मागची चाकं हे दुसरं प्रकरण. डिफरन्शियल चासीला पक्कं, दोन्ही अर्धे आस तिथे बिजागरीसारखे हलणारे, वर एकच आडवी पाटा-स्प्रिंग. वळणावर वेगात असताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जाई, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडे आणि शेपूट घसरे. धोका जास्त तो रिकाम्या गाडीत. भरल्या गाडीत स्प्रिंग दबलेली, चाकं फाकलेली, म्हणून पकड बरी. मात्र टायर आतल्या कडेने झिजत. काकांचं भरलेलं कुटुंब घाटात त्यांच्यापेक्षा सुरक्षित होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

इंग्लंडात १९७०च्या स्पिटफायरला सुधारित स्प्रिंग मिळाली. मद्रासने १९७२च्या गझेलला सरळ अखंड आस बसवला. मिस्त्रींना तो ओळखीचा होता. हेराल्डला ‘आपल्या रस्त्यांची नव्हे’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: दोष त्या आसाचा होता, बोल्टच्या बांधणीचा नव्हे. त्या बांधणीनेच तिला गल्लीतल्या गॅरेजात इतकी वर्षं जगवलं.