परदेशांतील चिनी चूल व मधुमेहाचें पथ्य

मनुष्य देशांतर करितो तेव्हां भाषा, वेष व चालीरीति यांत हळूहळू बदल करून घेण्यास तो तयार होतो. परंतु जेवणाच्या बाबतींत तो फार काळ आपल्या जन्मभूमीसच चिकटून राहतो. अशा मनुष्यास मधुमेह जडला, म्हणजे ज्याची निम्मी चिकित्सा ताटांतच व्हावयाची असा रोग जडला, तर मोठाच पेंच उत्पन्न होतो. अमेरिकेंतील चिनी लोकांच्या इतिहासांत हा पेंच कसा उत्पन्न झाला, आणि त्यांच्याच पद्धतीच्या स्वयंपाकाचे वर्ग काढून तो सोडविण्याचा प्रयत्न कां करावा लागला, हें पाहणें आम्हांस बोधप्रद वाटतें. भातावर वाढलेल्या आमच्या वाचकांसही हा विषय अगदींच परका वाटूं नये.

हा रोग चिनी लोकांस नवा नव्हे. आमच्या प्राचीन वैद्यांनीं ज्यास मधुमेह म्हटलें, त्याच्याशीं पुष्कळ अंशीं जुळणाऱ्या विकारास चिनी वैद्य ‘श्याओ-ख’, म्हणजे शरीर झिजविणारी तहान, असें म्हणत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ‘ह्वांग-ती नैचिंग’ या ग्रंथांत त्याचा संबंध गोड व स्निग्ध अन्नाच्या अतिरेकाशीं जोडलेला आहे. सातव्या शतकांतील विख्यात वैद्य सुन सिम्याओ यानें अशा रोग्यास मद्य, खारट पदार्थ व पिठाचे पदार्थ यांपासून दूर राहण्यास सांगितलें. आणि ७५२ सालीं वांग ताओ यानें सिद्ध केलेल्या संग्रहग्रंथांत रोग्याचें मूत्र गोड असतें अशी नोंद आहे. सुन सिम्याओ याचें आणखी एक मत प्रसिद्ध आहे: वैद्यानें प्रथम अन्नानेंच रोग बरा करण्याचा यत्न करावा, व त्यानें गुण न आल्यास मग औषधाकडे वळावें. तेव्हां चिनी मनुष्यास पथ्य ठाऊक नव्हतें, असें म्हणण्याची सोय नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता पसरली, तेव्हां दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतून हजारों तरुण पॅसिफिक महासागर ओलांडून गेले. पुढें १८६५ ते १८६९ या काळांत सिएरा पर्वत फोडून जो लोहमार्ग नेला, त्यावर दहा हजारांहून अधिक चिनी मजूर खपले. त्यांच्या टोळ्यांचे स्वयंपाकी स्वतंत्र असत. तांदूळ, सुकी मासळी, भाज्या, आणि उकळलेल्या पाण्याचा चहा हा त्यांचा शिधा. ओढ्याचें कच्चें पाणी पिणाऱ्या गोऱ्या मजुरांपेक्षां पोटाच्या विकारांनीं ते कमी आजारी पडत, असें इतिहासकार सांगतात. दिवसभर कातळ फोडणाऱ्या त्या मनुष्यानें भाताचा वाडगा तीनदां भरून घेतला तरी त्याचा हिशोब श्रमांतच फिटत असे.

या श्रमांचें फळ मात्र कडू मिळालें. १८८२ सालीं अमेरिकेनें कायदा करून चिनी मजुरांस प्रवेशबंदी केली. बायकांना आणणें बहुतेकांस अशक्य झालें, आणि सान फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क इत्यादि शहरांतील चिनी वस्त्या एकट्या पुरुषांच्या बिऱ्हाडांनीं भरल्या. सरकारी आरोग्यखात्याची या वस्तीकडे पाहण्याची दृष्टि तर उघड तिरस्काराची होती. १९०० सालीं प्लेगच्या संशयावरून सान फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीस दोर लावून वेढा घातला, तेव्हां गोऱ्यांचीं दुकानें तेवढीं वेढ्याबाहेर राहतील अशी रेषा आंखली गेली. अखेर न्यायालयास तो वेढा पक्षपाती ठरवून उठवावा लागला. १९२५ सालीं चिनी समाजानें तेथें स्वतःचें रुग्णालय उभारलें, त्याचें मर्म यावरून कळेल. ज्यांच्या स्वयंपाकघरांस दोन पिढ्या घाणेरडें म्हणून हिणविलें गेलें, त्यांस पुढें कोणी परक्यानें ‘तुमचें अन्न सोडा’ म्हणून सांगितलें, तर त्या शब्दांत जुना अपमान ऐकूं यावा, यांत नवल तें काय?

प्रवेशबंदी १९४३ सालीं उठली, पण वर्षाकांठीं केवळ १०५ चिनी लोकांस वाट मिळाली. खरा दरवाजा १९६५ च्या कायद्यानें उघडला व कुटुंबेंच्या कुटुंबें येऊं लागलीं. परंतु आतां डोंगर फोडावयाचा नव्हता. कोणी शिवणयंत्रापुढें बसे, कोणी खानावळींत दिवसाचे दहाबारा तास उभा राहून मध्यरात्रीं जेवी. तेल, साखर व मांस स्वस्त झालें. श्रमाचें स्वरूप पालटलें. वाडगा मात्र तोच राहिला. मातृभूमींतही असाच पालट घडत होता. चीनमध्यें १९८० सालच्या पाहणींत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी आढळलें होतें. २००७-०८ च्या पाहणींत तें प्रौढांमध्यें शेंकडा ९.७ भरलें. पाहणीच्या रीति सारख्या नव्हत्या हें खरें, तरी एवढा फरक केवळ रीतीचा असूं शकत नाहीं. शिवाय आशियाई मनुष्यास अंगानें फारसा स्थूल नसतांही हा रोग गांठतो. म्हणूनच अमेरिकेंतील मधुमेह-संघानें २०१५ सालीं आशियाई वंशाच्या लोकांच्या तपासणीसाठीं शरीरभाराचा निर्देशांक २५ वरून २३ वर आणला.

वैद्यकशास्त्र मध्यंतरीं स्वस्थ बसलें नव्हतें. बोस्टनच्या डॉक्टर एलियट जॉस्लिन यांनीं १९१८ सालींच खास रोग्यांसाठीं मार्गदर्शक पुस्तक लिहून, मधुमेह्यास शिकविणें हा उपचाराचाच भाग आहे, हें तत्त्व रुजविलें. जानेवारी १९२२ मध्यें टोरोंटो येथें इन्सुलिन प्रथम रोग्यास टोंचलें गेलें. १९५० सालीं अन्नाचे सहा गट पाडून अदलाबदलीचे तक्ते प्रसिद्ध झाले: दूध, भाज्या, फळें, पाव, मांस व स्निग्ध पदार्थ. तक्ता शास्त्रशुद्ध होता, पण तो अमेरिकन टेबलाकडे पाहून केलेला होता. दक्षिण चीनमधील प्रौढ मनुष्य दूध क्वचितच पितो, आणि पावाचे काप मोजण्याची वेळ त्याच्यावर येतच नाहीं. हल्लींच्या हिशोबाप्रमाणें पावाच्या एका कापांत जेवढीं कर्बोदकें, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम, तेवढीं तृतीयांश पेला भातांत असतात. अर्थात् एक पेला भाताचा वाडगा म्हणजे पावाचे तीन काप, आणि दोन वाडगे म्हणजे सहा! ही साधी गोष्ट पावाचा तक्ता हातीं देऊन कोणास उमगणार?

बरें, भात सोडा म्हणावें, तर चिनी जेवणाची घडणच विस्कटते. त्या जेवणाचे दोन भाग असतात: ‘फान’, म्हणजे भात किंवा धान्य, आणि ‘त्साय’, म्हणजे तोंडीं लावावयाचे पदार्थ. जेवणें या क्रियेसच ते ‘भात खाणें’ म्हणतात. नोकरी गेली, तर भाताचा वाडगा फुटला म्हणतात. पदार्थ मध्यें मांडून सर्वांनीं एकाच भांड्यांतून काड्यांनीं घ्यावयाचे, ही तेथील रीत. तेव्हां रोग्यानें निराळें जेवावयाचें म्हणजे पंक्तींतून उठावयाचें. म्हाताऱ्या आईनें वाढलेलें नाकारणें हा तिचा अनादर वाटतो, आणि घरच्यांच्या सोयीसाठीं रोगी मुकाट्यानें अपथ्य करितो. खरा झगडा साखरेशीं नसून या एकटेपणाशीं आहे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांनींच स्वयंपाकाचे वर्ग काढले.

न्यूयॉर्कच्या चिनी वस्तींत १९७१ सालीं भरलेल्या आरोग्यजत्रेंतून तेथील लोकांच्याच भाषेंत बोलणारा दवाखाना उभा राहिला. बोस्टनच्या जॉस्लिन संस्थेनें २००० सालीं आशियाई लोकांसाठीं स्वतंत्र शाखा काढली. अशा वातावरणांत चिनी स्वयंपाकाच्या वर्गांस महत्त्व आलें. वर्ग कँटनी किंवा मँडरिन भाषेंत चालावा आणि रोग्याबरोबर स्वयंपाक करणारीनेंही यावें, हें त्याचें पहिलें सूत्र. भात वर्ज्य नाहीं. वाडगा लहान घ्यावयाचा, आणि पांढऱ्या तांदुळांत अनसडीक तांदूळ थोडाथोडा मिसळीत जावयाचा. पातळ शिजविलेली पेज पथ्याची म्हणून आजाऱ्यास देण्याची चाल आहे; परंतु तीच रक्तांतील साखर लवकर चढविते, हें तेथें समजावून देतात. कढईंत तेल बाटलीनें न ओततां चमच्यानें मोजावयाचें. सोया सॉसमधील मिठाचा हिशोब ठेवावयाचा. वाफवलेली मासळी, टोफू, हिरव्या पालेभाज्या व कारलें यांचा भाग वाढवावयाचा. नववर्षाच्या चिकट तांदुळाच्या वड्या सर्वांनीं वांटून एकेक तुकडा खावयाच्या. उष्ण व शीत अन्नाच्या जुन्या कल्पनांचा उपहास न करितां त्यांच्याच भाषेंत नवें ज्ञान सांगावयाचें.

यावर कोणी म्हणेल, साखरेचें गणित सर्व जातींस सारखेंच. मग हे लाड कशाला? गणित सारखें खरें, पण मापें सारखीं नाहींत. आणि ज्या मापानें घरांत रोज वाढलें जातें त्याच मापानें शिकविलें पाहिजे. शिवाय पूर्वजांचें अन्नच दोषी, हें गृहीत धरणेंही चुकीचें आहे. जॉस्लिन संस्थेनें मधुमेहाचा धोका असलेल्या ५० जणांवर एक लहानसा प्रयोग करून तो २०१४ सालीं प्रसिद्ध केला. जुन्या आशियाई धर्तीच्या, शेंकडा ७० उष्मांक कर्बोदकांचे असलेल्या पण चोथा भरपूर व स्निग्धांश थोडा अशा आहारानें शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊं लागल्याचें त्यांत दिसून आलें. चीनमधील ताछिंग शहरीं १९८६ सालीं सुरू झालेल्या प्रयोगांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या लोकांस विशेष उपदेश मिळाला नाहीं त्यांपैकीं शेंकडा ६८ सहा वर्षांत रोगी झाले, तर आहाराचें मार्गदर्शन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४४. हे दोन्ही प्रयोग रोग जडण्यापूर्वींच्या अवस्थेचे आहेत, हें विसरतां नये. तरी स्वतःच्या चुलीवर राहूनही सुधारणा शक्य आहे, एवढें त्यांवरून निश्चित ठरतें.

स्वयंपाकाचा वर्ग म्हणजे इन्सुलिन नव्हे, आणि मध्यरात्रीं सुटणाऱ्या खानावळीच्या नोकरास तेथील उपदेश पाळण्याजोगी फुरसद तो देऊं शकत नाहीं. तरीही त्याचें मोल आम्हांस थोर वाटतें. दोरानें वेढलेल्या वस्तीपाशीं आरोग्यखातें एके काळीं हुकूम घेऊन उभें होतें. आतां वैद्यक त्याच वस्तींत कढईपाशीं येऊन बसलें आहे. आमच्याकडेही पुष्कळ घरीं मधुमेह्याच्या हातीं छापील तक्ता येतो, आणि पोळी, भात, आमटी यांचा त्याशीं मेळ घालतां घालतां गृहिणी थकून जाते. तो तक्ता तिच्या वाटीच्या मापानें लिहिला गेला, तर रोग्यास पंक्तींतून उठावें लागणार नाहीं.