पलटणीचा खर्च आणि गहाण पडलेले वऱ्हाड

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कचेरीकडे माझे चौदा रुपयांचे प्रवासभत्त्याचे बिल अडकले होते. पहिल्यांदा ते रजिस्टर पोस्टाने परत आले. कारण, पावतीचे तिकीट तिरपे चिकटवलेले होते. मी ते सरळ चिकटवून पाठविले. दुसऱ्यांदा पुन्हा रजिस्टरने परत आले. कारण, सही तिकिटावर अर्धी नि कागदावर अर्धी हवी होती, ती सगळीच तिकिटावर पडली होती. तिसऱ्या फेरीत पैसे मिळाले, पण तोवर सरकारचा टपालखर्च माझ्या भत्त्याच्या पुढे निघून गेला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच!

तुम्ही हसाल. मीही हसलो. पण हे बिल खिशात घालून घरी येताना मला आणखी एका बिलाची आठवण झाली. त्या बिलापायी तुमचे-आमचे अख्खे वऱ्हाडच गहाण पडले होते. अमरावती, अकोला, पार यवतमाळ-बुलढाण्यापर्यंतचा सारा मुलूख. आणि गंमत अशी, की ज्या खर्चासाठी तो गहाण पडला, तो खर्च संपल्यावरही तो काही सुटला नाही. ती हकीगत ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात आपल्याच अंगणात झाली. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने मराठी फौजेचा पराभव केला. पंधरवड्यात चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही पडला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा बहुतेक मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून सुटला आणि इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. ही दोस्ती काय भावाने पडते, ते निजामाला अजून कळायचे होते.

इंग्रजांशी १८०० साली झालेल्या तहात एक कलम होते. युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार मदतीला द्यावेत. 'प्रसंग आला तर' हे शब्द लक्षात ठेवा. हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट हैदराबादेस आला. त्याच्या मते निजामाची फौज म्हणजे नुसता बाजार होता. तिला कवायत हवी, इंग्रज अंमलदार हवेत! झाले, 'रसेल ब्रिगेड' उभी राहिली. पुढे तिलाच 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणू लागले. पगार निजामाने द्यायचा आणि हुकूम रेसिडेंटचा चालायचा. अंमलदारांची संख्या वाढली, त्यांचे भत्ते वाढले. काहीही झाले तरी बिचारा निजाम पैसे देतो, अशी थट्टा खुद्द इंग्रजांतच चाले. मधली युद्धे संपली, पेंढारी संपले, पेशवाईही बुडाली. पण पलटण काही घरी गेली नाही. तिचा वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. आपल्या अचलपूरला या फौजेची छावणी होती. आज ज्याला आपण परतवाडा म्हणतो, ते गाव त्या छावणीभोवतीच वाढले.

आता चाळीस लाख आणायचे कोठून? निजामाच्या दरबारात राजा चंदूलाल कारभारी होते. माणूस हुशार, दानशूर, पण तिजोरीला बूड नाही. त्यांनी हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनीकडून कर्ज काढले. व्याज शेकडा पंचवीसच्या आसपास! या पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालित मुलीचा नवरा. तेव्हा परवानगी मिळायला अडचण कसली? १८२० साली साठ लाखांच्या एका कर्जाला मंजुरी मिळाली. नवा रेसिडेंट मेटकाफ याने वह्या उघडल्या, तेव्हा त्यात आठ लाख रुपये भागीदारांनी स्वतःलाच दिलेली बक्षिसी असल्याचे दिसले. पुढे पामरचे देणे कंपनी सरकारने फेडले. पण त्यासाठी निजामाला उत्तर सरकार प्रांताबद्दल वर्षाला मिळणारे सात लाख कायमचे सोडावे लागले. म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणला!

या साऱ्याचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर? वऱ्हाडातल्या कुणब्याच्या. महसूल वसुलीचे इजारे सावकारांना दिले जात. आधी पुरणमल, पुढे पेस्तनजी यांच्यासारख्या पेढ्यांनी सरकारला रोकड द्यायची आणि परगण्यांतून वसूल करून घ्यायची, असा व्यवहार. पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठविण्याचा मार्ग उघडला, हेही खरे. पण इजारा उद्या राहील की नाही याचा ज्याला भरवसा नाही, तो विहीर कशाला बांधील? तो आज मिळेल तेवढे काढून घेणार. हैदराबादेत पलटणीचा बँड वाजे, आणि इकडे पूर्णेच्या काठी एखाद्याचा बैल खुंट्यावरून सुटे. या दोन गोष्टींचा संबंध त्या बैलवाल्याला कोणी सांगितला नव्हता.

पगार थकत गेले. कंपनी सरकार ते आपल्या तिजोरीतून देई नि निजामाच्या नावे लिही. १८५३ पर्यंत देणे पन्नास लाखांच्या आसपास गेले. मजा अशी, की शांततेच्या काळात ही फौज पोसायला तहाने निजाम बांधलेला नाही, हे डलहौसीने स्वतः लेखी मान्य केले होते. हैदराबादचा आणखी एक दावा होता. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांतल्या दारूचे अबकारी उत्पन्न कंपनी कित्येक वर्षे स्वतःच घेत आली होती. ते निजामाच्या खात्यावर जमा धरले, तर कर्ज जवळजवळ फिटत होते! पण हिशेबाची वही ज्याच्या हाती, त्याला जमेची बाजू उशिराच दिसते.

२१ मे १८५३ रोजी तह झाला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभारात गेले. युद्धापुरते असलेले कलम कायमचे झाले. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि तोफखाना, बारमाही! तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराजउल्मुल्क वारले आणि चोवीस वर्षांचे सालारजंग त्यांच्या जागी आले. १८६० साली पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव-रायचूर परत मिळाले. पण वऱ्हाड तसेच राहिले, आणि त्याचा हिशेब मागायचा नाही, असेही ठरले! कारभाराला वसुलाच्या रुपयामागे दोन आण्यांहून जास्त खर्च होणार नाही, असे आम्हांला सांगितले होते, अशी सालारजंगांची तक्रार होती. पण पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडचे अकोला. तेथे कमिशनर, डेप्युटी कमिशनर, कचेऱ्या, बंगले! दोन आण्यांत एवढे कसे भागावे? त्यातच अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली. आता असली गाय कोण परत देतो? सालारजंगांनी जन्मभर अर्ज केले. १८८३ साली ते गेले. अर्ज फाइलीत राहिले.

शेवट तर सर्वांत गमतीचा. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या भाड्याने कायमचे घेतले. त्यातूनही आधीच्या कर्जाचे हप्ते कापले जायचे. आणि ज्या कंटिन्जंटसाठी हा सारा प्रपंच, ती फौज हिंदी लष्करात मिसळून संपली! पलटण गेली, गहाण राहिले. लागलीच १९०३ च्या आरंभी निजाम महबूब अली खान यांना 'जी. सी. बी.' हा किताब मिळाला. लोकांनी त्याची फोड केली, 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिले! पुढे १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी देण्यात आली. मुलूख इंग्रजांच्या कारभारात आणि नाव निजामाच्या घरी, अशी वाटणी झाली.

वाचकहो, या हकीगतीत कोणी एक खलनायक शोधू नका. रसेलला शिस्त हवी होती, चंदूलालला पैसा, पामरला व्याज, डलहौसीला सुरक्षित महसूल. प्रत्येकाकडे आपापले सबळ कारण होते नि कागद होता. फक्त एक प्रश्न शंभर वर्षांत कोणत्याच टेबलावर नीट विचारला गेला नाही: ज्या कामासाठी हा खर्च सुरू केला, ते काम अजून शिल्लक आहे का? 'तात्पुरता' म्हणून सुरू झालेला खर्च सरकारी वहीत एकदा चढला, की तो वारसाहक्काने चालतो.

तेव्हा पुढच्या वेळी नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या अंदाजपत्रकात 'तात्पुरती तरतूद' दिसली, तर ती कधीची आहे एवढे तरी पाहा. परतवाड्याला बस थांबली, की मी खिडकीतून त्या जुन्या छावणीकडे पाहतो. माझे बिल चौदा रुपयांचे होते आणि ते तिसऱ्या फेरीत तरी सुटले. या छावणीचे बिल वऱ्हाडच्या कुणब्याच्या तीन-चार पिढ्यांनी भरले, आणि त्याची पावती काही कोणी त्यांना दिली नाही.